थंडीत घाट चढताना पाण्याच्या काट्यावर विसंबू नका

खंडाळा म्हटलं की परगावच्या माणसाला लोणावळ्याशेजारचं थंड हवेचं ठिकाण आठवतं. मालवाहतूकदाराला आठवतं ते साताऱ्याचं खंडाळा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी शिरवळपासून इथवर बऱ्यापैकी सपाटीनं येते आणि गाव मागं पडताच खंबाटकीच्या चढाला लागते. बोगदा झाल्यापासून साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्या त्यातून येतात. जुना वळणावळणांचा घाट पुण्याहून जाणाऱ्यांच्या वाट्याला आला. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की या पट्ट्यातल्या रस्त्यांवर वजन वाढतं. भुईंजचा, म्हावशीचा, फलटणचा ऊस असतो, शिरवळच्या कारखान्यांचे ट्रेलर असतात, जानेवारीनंतर तासगावकडून न्हावा शेव्याला निघालेले द्राक्षांचे कंटेनर असतात. आणि नेमकी तेव्हाच थंडी असते.

थंडीत घाटात गाडी तापत नाही, असं बहुतेक चालक सांगतात. त्यात तथ्य आहे. मे महिन्यात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या डिसेंबरात फारशा दिसत नाहीत. पाण्याचा काटा मध्यावर बसतो तो हलत नाही, आणि त्यामुळे चालक निर्धास्त होतो. पण पाण्याचा काटा सांगतो ते ब्लॉकभोवती फिरणाऱ्या पाण्याचं तापमान. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंचं तापमान तो सांगत नाही. पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि टर्बो यांना चटका बसतो तो या वायूंचा. चढावर पाय दाबला की हे तापमान काही सेकंदांत शे-दोनशे अंशांनी चढतं. पाण्याला ते कळायला काही मिनिटं जातात. गार वारा रेडिएटरवर आदळत असला, तर पाण्याला कळतही नाही.

म्हणून एक्झॉस्टचं तापमान वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी पायरोमीटर नावाचा काटा मिळतो. त्याची सळई (के टाइपचं थर्मोकपल) मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे बसवतात. अमेरिकेत पिकअप ट्रकमागं घरासारखे ट्रेलर ओढणारे हौशी लोकही तो आवर्जून लावतात. आपल्याकडे पंचावन्न टनांच्या गाडीतसुद्धा तो क्वचित दिसतो. बीएस-सहा गाड्यांमध्ये कंपनीचे तापमानाचे सेन्सर असतात, पण ते गाडीच्या संगणकाशी बोलतात. डॅशबोर्डवर चालकाला आकडा दिसेलच असं नाही. एप्रिल 2020च्या आधीच्या गाड्या आणि शेतीचे ट्रॅक्टर यांत तर बहुधा काहीच नसतं.

आकड्यांचा अंदाज असा. गाडी नुसती सुरू असताना टर्बोच्या अलीकडे साधारण 100 ते 200 अंश सेल्सिअस. भरलेली गाडी सपाटीवर एका वेगात असताना 350 ते 500. चढावर 550 ते 650. काटा 700च्या जवळ गेला आणि तिथेच राहिला, तर पाय सैल करायची वेळ झाली. टर्बोच्या पुढे सळई बसवली असेल तर ओढीच्या वेळी हेच आकडे शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतात, हे लक्षात ठेवा. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच खरी. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी नरम पडायला लागतो. खालून उडणाऱ्या तेलामुळे पिस्टन वायूंपेक्षा बराच गार राहतो, म्हणून 650ला लगेच काही होत नाही. पण तेल कमी असेल, तेलाचा जेट तुंबला असेल किंवा 750वर दहा मिनिटं ओढलं असेल, तर फिटर पुढं जे दाखवतो ते आपल्या ओळखीचं असतं: माथ्यावर खड्डा पडलेला पिस्टन, कडेला चिकटलेल्या रिंगा, तडा गेलेला मॅनिफोल्ड.

आता थंडीचा भाग. थंड हवा दाट असते. चाळीस अंशांच्या दुपारपेक्षा दहा अंशांच्या पहाटे त्याच घनफळात जवळजवळ दहा टक्के जास्त हवा मावते. जास्त हवा म्हणजे जास्त प्राणवायू, डिझेल नीट जळतं, एक्झॉस्ट तुलनेनं गार राहतं. म्हणजे थंडी चढाला मदतच करते. मग थंडीत इंजिनं का बिघडतात? त्याचं उत्तर हवेत कमी आणि गाडी रात्री कुठं उभी केली, पहाटे कशी काढली, दिवसभर कशी बंद केली यांत जास्त आहे.

सगळ्यात वाईट खोड घाटाच्या पायथ्याच्या मुक्कामाची. रात्री अकराला घाट नको म्हणून गाडी खंडाळ्याच्या अलीकडे ढाब्यावर लावायची, पहाटे चारला उठायचं, चहा घ्यायचा, सेल मारायचा आणि पाच मिनिटांत चढाला लागायचं. त्या वेळी ऑइल काकवीसारखं घट्ट असतं. टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ते पोचायला वेळ लागतो. पिस्टन अजून फुगलेला नसतो, रिंगा भिंतीला नीट बसलेल्या नसतात, गार भिंतींवर डिझेल अर्धवट जळतं आणि मागून पांढरा धूर येतो. अशा इंजिनावर पुढच्याच मिनिटाला सहाशे अंशांचा भार टाकायचा. मॅनिफोल्ड तापतं, त्याला धरणारं हेड गार असतं. दोन्ही वेगवेगळ्या मापानं प्रसरण पावतात आणि ताण येतो तो बोल्टांवर, गॅस्केटवर. मॅनिफोल्डचा एखादा बोल्ट तुटून फुसफुस आवाज यायला लागतो तो बहुधा अशाच पहाटांच्या हिशेबातला असतो.

उपाय फुकट आहे. मुक्काम शिरवळला करा, नाहीतर त्याच्याही अलीकडे. पहाटे निघाल्यावर घाटापर्यंत दहा-बारा किलोमीटरची सपाटी मिळते, त्यात इंजिन, ऑइल आणि गिअरबॉक्ससुद्धा तापतात. खंडाळ्यातच थांबणं भाग असेल, तर सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर ॲक्सिलरेटरला हात-पाय लावू नका. ऑइलचा दाब येऊ द्या. मग उभ्या जागी अर्धा तास घुरघुरत ठेवण्यापेक्षा गाडी हलकी हाकत, सर्व्हिस रोडनं किंवा गावातून एखादी फेरी घेऊन पाण्याचा काटा साठाच्या वर जाऊ द्या. उभ्या गाडीत डिझेल इंजिन लवकर तापत नाही, काजळी तेवढी साठते. साताऱ्याकडून येणाऱ्यांना ही अडचण नाही. ते पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून तापलेल्या इंजिनानं घाटापलीकडच्या वेळे गावाच्या बाजूनं चढाला लागतात.

प्रत्यक्ष चढताना एकच गोष्ट सांभाळायची: इंजिन गुदमरू द्यायचं नाही. मोठ्या गिअरमध्ये आर.पी.एम. पडलेले, पाय तळाला टेकलेला, गाडी हलत नाही, आवाज धपधप येतोय, मागं काळा धूर. ही खूण ओळखा. इंजिन हळू फिरत असतं म्हणून टर्बोही हळू फिरतो, हवा कमी येते, पण पाय दाबलेला असल्यामुळे डिझेल भरपूर येतं. कमी हवेत जास्त डिझेल जळलं की एक्झॉस्ट भडकतं. एक गिअर खाली घेतला की तीच ताकद जास्त फेऱ्यांमध्ये वाटली जाते, प्रत्येक फेरीत डिझेल कमी लागतं, टर्बो हवा देतो आणि पायरोमीटरचा काटा डोळ्यांदेखत पन्नास-शंभर अंश खाली येतो. गिअर खाली घेतला की डिझेल जास्त जातं, हा समज चढावर खरा नाही. गाडी पडल्यावर गिअर शोधू नका. चढ सुरू होण्याआधीच, टॅकोमीटरच्या हिरव्या पट्ट्यात राहील असा गिअर घ्या आणि वेग पंधरा-वीसवर आला तरी मान्य करा. मागचा कारवाला हॉर्न वाजवील. वाजवू द्या.

रात्रीच्या घाटात एक साधी तपासणी करता येते. दम घ्यायला सुरक्षित जागी थांबलात तर इंजिन सुरूच ठेवून केबिनखाली, मॅनिफोल्डच्या बाजूला अंधारात नजर टाका. ते मंद लालसर दिसत असेल तर धातूचाच पृष्ठभाग पाच-सहाशे अंशांवर गेलेला आहे. थंडीतल्या साध्या भाराला असं दिसायला नको. दिसलं तर वजन जास्त आहे, नाहीतर हवा कमी पडते आहे.

हवा कमी पडण्याची कारणं बहुतेकदा किरकोळ असतात. ऊसवाहतुकीत एअर फिल्टर पाचटाच्या भुशानं आणि शेतरस्त्याच्या धुळीनं उन्हाळ्याइतकाच तुंबतो, पण थंडीत तो कुणी उघडत नाही. इंटरकूलरच्या होजला बारीक चीर असते. चढावर शिट्टीसारखा आवाज आला आणि पिकअप गेला, तर तीच समजा. एक्झॉस्ट ब्रेकची झडप गंजून अर्धी बंद अडकते आणि गाडी सतत ब्रेक लावून ओढल्यासारखी ओढत राहते. नोझल ठिबकत असतं. ही चार ठिकाणं बघितल्याशिवाय डिझेल पंपाला हात लावू देऊ नका. पंप वाढवून ताकद मिळते हे खरं, पण ती मिळते जास्त डिझेल जाळून. हवा तेवढीच राहते. पंप वाढवलेली आणि वजनही वाढवलेली गाडी खंबाटकीत पिस्टन खाणार, यात नशिबाचा काही भाग नाही.

थंडीत आणखी दोन गोष्टी होतात. एक म्हणजे गाडी लवकर तापावी म्हणून रेडिएटरसमोर पोतं किंवा पुठ्ठा बांधणं. लडाखात, हिमाचलात ते ठीक असेल. लडाखसाठी इंडियन ऑइलला 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणावं लागलं. खंडाळ्याच्या पहाटेला आपलं नेहमीचं डिझेल घट्ट होत नाही आणि रेडिएटरला गोधडीही लागत नाही. उलट, बहुतेक गाड्यांत इंटरकूलर रेडिएटरच्या पुढेच असतो. पोतं बांधलं की टर्बोनं दाबून तापवलेली हवा न निवता सिलिंडरमध्ये जाते आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं. पाण्याचा काटा छान दिसतो, टर्बो मात्र भाजतो. दुसरी गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून कुणीतरी फिटर तो काढून टाकतो आणि परत बसवायचं राहून जातं. थंडीत अशा इंजिनाचं पाणी साठाच्या वर जातच नाही. ऑइल काळं पडतं, डिझेल वाढतं, आणि बीएस-सहा गाडी असेल तर पुढं सांगतो त्या सगळ्या तक्रारी सुरू होतात. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासारखी ही जागा नव्हे.

गाडी बंद करण्याबद्दल खंबाटकीचा स्वतःचा एक नियम सांगता येईल. टर्बोचा दांडा एका मिनिटात लाखभर फेऱ्या घेतो आणि त्याचं बेअरिंग ऑइलवर तरंगत असतं. कडक चढानंतर लगेच किल्ली फिरवली, तर ऑइल थांबतं, पण टर्बोच्या लोखंडातली उष्णता बेअरिंगकडे सरकत राहते आणि तिथलं ऑइल जळून कोळसा होतं. म्हणून दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग बंद करायचं. पायरोमीटर असेल तर काटा दोनशेच्या आसपास आला की झालं. पण घाट पूर्ण ओलांडून वेळ्याकडे उतरल्यावर थांबलात, तर उतारानंच हे काम केलेलं असतं: गिअरमध्ये, पाय सोडून उतरताना डिझेल बंद असतं आणि टर्बोतून नुसती गार हवा जाते. धोका आहे तो मधेच थांबण्याचा. खामजाईच्या देवळापाशी पाया पडायला थांबणारे, माथ्यावर चहाला थांबणारे आणि सर्वांत जास्त म्हणजे पुढं गाडी बंद पडली म्हणून कोंडीत अडकणारे. शनिवार-रविवारी किंवा सुट्ट्यांत घाट तुंबला की लोक डिझेल वाचवायला पटकन इंजिन बंद करतात. दोन मिनिटं थांबा, मग करा. नव्या जुळ्या बोगद्यांनी खंबाटकीचा हा चढ सुटला, तरी सालपे घाट आहे, पसरणी आहे, केळघर आहे.

उताराबद्दल थोडक्यात. न्यूट्रल करून उतरण्यानं डिझेल वाचत नाही. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना डिझेल शून्य जातं आणि न्यूट्रलमध्ये आयडलपुरतं जातंच. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेकही लागत नाही आणि सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर येतं. बोगद्यातून खंडाळ्याकडे उतरणाऱ्या इंग्रजी एस आकाराच्या वळणावर किती गाड्या उलटल्या, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आता साखर कारखान्याचं आवार. इथं उलटा प्रश्न आहे: एक्झॉस्ट पुरेसं तापत नाही. गव्हाणीपर्यंत नंबर लागायला कधी पाच तास, कधी रात्र जाते. थंडी वाजते म्हणून केबिनसाठी इंजिन चालू ठेवलं जातं, रांग दर वीस मिनिटांनी दोन गाड्यांनी सरकते. बीएस-सहा ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारी जाळी, डीपीएफ, असते. चालत्या भरलेल्या गाडीत एक्झॉस्ट अडीचशे-चारशे अंशांवर राहिलं की ही काजळी आपोआप जळत राहते. रांगेत ते शे-दीडशेवर असतं. काजळी नुसती साठते. युरियाचंही तसंच. डीईएफच्या डब्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. एक्झॉस्ट साधारण दोनशे अंशांच्या वर असेल तरच फवारा नीट काम करतो. गार पाइपात तो पांढऱ्या दगडासारखा थर धरतो. फवाऱ्याच्या तोंडाशी मिठासारखी पापुद्री दिसली तर आधी हे कारण बघा, युरिया कंपनी बदलण्याआधी. डीईएफ गोठतं ते उणे 11 अंशांना, तेव्हा साताऱ्याच्या थंडीला दोष देऊ नका. त्यात नळाचं पाणी किंवा शेतातला युरिया मिसळणाऱ्याला मात्र द्या.

तेव्हा रांगेत इंजिन बंद ठेवा, अंगावर घोंगडं घ्या. रांगेचे दिवस लागोपाठ आले, तर आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास महामार्गावर एका वेगात पळू द्या. रिजनरेशनचा, म्हणजे साठलेली काजळी जाळण्याचा, दिवा लागला आणि गाडी धावतच असेल तर मधे किल्ली बंद करू नका; काजळी जळायला 550 ते 600 अंश लागतात आणि ते काम अर्धवट सोडलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दिवा दुर्लक्षित राहिला की पुढची पायरी येते: गाडी उभी करून रिजनरेशन. इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ऊसवाहतुकीत गाडी जिथं उभी असते तिथं जमिनीवर पाचट असतं. ट्रकखाली, टायरांना, चेसिसच्या खाचांत, सायलेन्सरच्या पत्र्यावरही. कोरडं पाचट पेटायला रिजनरेशनचं एक्झॉस्ट पुरेसं आहे. शेतात, फडात, गाडीतळावर, ऊस भरलेल्या गाडीशेजारी हे कधीच करू नका. डांबरी किंवा मुरमाची मोकळी जागा बघा, खाली वाकून सायलेन्सरभोवतीचं पाचट हातानं काढा, मागं दहा-पंधरा फूट काही पेटण्यासारखं नाही याची खात्री करा आणि काम संपेपर्यंत गाडीजवळ थांबा. ट्रॅक्टरलाही हेच लागू. डबल ट्रॉली ओढून फडात वळणाऱ्या ट्रॅक्टरचा धुराडा चढावरून आल्याआल्या किती तापलेला असतो, हे त्याच्या पत्र्याचा निळसर झालेला रंग सांगतो.

डीपीएफ काढून टाका, ईजीआर बंद करा, एवढे पैसे द्या आणि मोकळे व्हा, असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असा बदल बेकायदा आहे. जाळी काढल्यानं एक्झॉस्ट थोडं गार होतं हे काही प्रमाणात खरं आहे, पण जाळी का तुंबत होती, याचं उत्तर इंजिनातच राहतं आणि वर्षाच्या आत टर्बोनं ते मांडलेलं असतं. वजनाचंही असंच. 2018 मध्ये केंद्रानं धुरांची मर्यादा वाढवून दोन धुरांच्या ट्रकला साडेअठरा टन, तीन धुरांच्या ट्रकला साडेअठ्ठावीस टन केली. त्याच्या वर भरलं, तर कलम 194 नुसार वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. पायरोमीटरवर पाहिलं, तर जादा टनांचा हिशेब पहिल्याच वळणावर दिसतो.

खरेदीचा क्रम विचाराल तर आधी नवा एअर फिल्टर, थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही याची तपासणी आणि होजच्या क्लिपा, त्यानंतर पायरोमीटर. तो बसवताना टर्बो काढूनच मॅनिफोल्डला भोक पाडायला सांगा, नाहीतर लोखंडाचा एक बारीक कीस टर्बोच्या पात्यांत जातो आणि काट्याच्या किमतीत टर्बो येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. हे सगळं दिवाळीआधी करून घ्या. गव्हाण एकदा सुरू झाली की कऱ्हाडपासून शिरवळपर्यंत चांगला फिटर रिकामा सापडत नाही.